टॉस झाला, म्हैस अडली, अन् ढेपवाला खेळला: मोठ्या क्रिकेटात असं कोणाकोणाचं झालं?

पऱ्हाटीवाला

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागं भांडण आहे. म्हणून आधी भांडण सांगतो.

आमच्याकडं तूर निघाली की ज्याचं वावर रिकामं, त्याच्या वावरात टेनिस बॉलची टूर्नामेंट होते. आठ-आठ ओव्हर. यंदा फायनल आमची अन् नदीपल्याडच्या गावाची. टॉस झाला, आम्ही बॅटिंग घेतली, अन् तेवढ्यात आमच्या चार नंबरच्या बॅट्समनच्या घरून पोट्टं पळत आलं. म्हैस अडली. गडी बॅट टाकून गाडीवर बसला अन् गेला. बाराव्या माणसाचा आमच्याकडं पत्ता नाही. बांधावर सरकी ढेपेचा पिकअप लावून एक ड्रायव्हर मॅच पाहत होता, गावात उधारी वसूल करायला आलेला. कॅप्टननं विचारलं, खेळतं का? तो म्हणे, चपलेवर चालते का?

नऊ बॉलमध्ये ३१. शेवटचा सिक्स कुटाराच्या ढिगात गेला, तो बॉल अजून सापडला नाही. आम्ही जिंकलो. मॅन ऑफ द मॅचचा कुलर ढेपवाल्याच्या नावानं पुकारला अन् तिथून राडा. पल्याडचे म्हणतात, टॉसनंतर माणूस बदलता येत नाही, कुलर आमच्या बॉलरचा. कुलर सध्या आयोजकाच्या ओसरीत ताडपत्रीखाली आहे.

तर दोन प्रश्न. एक, आंतरराष्ट्रीय क्रिकेटात असं ऐनवेळी कोणाच्या तरी जागी उतरून पहिलीच मॅच खेळलेले कोण? दोन, टॉसनंतर असा माणूस बदललेला चालते का?

ठेचा_भाकर

आधी हे सांग, म्हशीचं काय झालं? वगार का हेला?

पऱ्हाटीवाला

वगार. दोघी ठीक.

बुटीबोरीकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माह्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नागपूरचं जामठा स्टेडियम, ६ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची टेस्ट. मी रात्रपाळी करून तसाच डबा घेऊन स्टेडियमवर गेलतो. द्रविड जखमी, युवराज जखमी, लक्ष्मणही जखमी. म्हणून रोहित शर्माचं टेस्ट पदार्पण होणार, एवढं डोक्यात घेऊन गेलो. रोहितचा जन्म नागपूरजवळच्या बनसोडचा, त्यामुळं आपल्या मातीतच सुरुवात होते म्हणून जरा जास्तच कौतुक.

सकाळी वॉर्मअपला फुटबॉल खेळताना रोहित अन् ऋद्धिमान साहाची टक्कर झाली, रोहितचा घोटा मुरगळला. टॉस तोंडावर. बॅट्समन म्हणून दुसरं कोणी उरलंच नव्हतं, तं राखीव विकेटकीपर साहालेच उतरवलं, निव्वळ बॅट्समन म्हणून. म्हणजे ज्याले धडकून रोहित बाहेर गेला, त्यानंच रोहितची टोपी घातली.

आम्हाले स्टँडमध्ये यातलं काहीच माहीत नाही. स्कोअरबोर्डवर धोनी बी अन् साहा बी. माह्या बाजूचा एक काका म्हणे, आज धोनी बॉलिंग टाकते वाटते.

मॅचचं म्हणाल तं हाशिम अमला नाबाद २५३, डेल स्टेनच्या पहिल्या डावात ५१ रनात ७ विकेट, आपण डावानं हरलो. साहा पहिल्या डावात शून्य, स्टेननं बोल्ड. दुसऱ्या डावात ३६, अन् तो बऱ्यापैकी वेळ टिकला होता. पण मले आठवते ते दुसरंच. रोहितले त्यानंतर टेस्ट मिळाली थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये, कोलकात्याला. मधल्या काळात तो वनडेच खेळत राहिला, टेस्टची टोपी मिळेपर्यंत १०८ वनडे झाले होते. अन् मग पहिल्याच टेस्टमध्ये १७७. जामठ्याच्या त्या एका फुटबॉलनं पावणेचार वर्षं खाल्ली.

ठेचा_भाकर

म्हणूनच आमचे मास्तर म्हणत, मॅचच्या आधी फुटबॉल नाही, दोन सूर्यनमस्कार घाला.

जुना_सिव्हिल_लाइन्सवाला

बुटीबोरीकर, जामठा काल-परवाचं. त्याआधीची गोष्ट सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरची आहे. मार्च २००६, इंग्लंडची टेस्ट. कर्णधार मायकेल वॉन गुडघ्यामुळे बाहेर, मार्कस ट्रेस्कोथिक दौरा सोडून घरी गेलेला. सलामीला माणूस नाही. तिकडे इंग्लंडचा 'अ' संघ वेस्ट इंडिजमध्ये खेळत होता, तिथून एका २१ वर्षांच्या पोराला उचलून नागपूरला आणलं. एवढे समुद्र ओलांडून, झोपेचं खोबरं करून, पोरगा उतरला आणि पहिल्या डावात ६०, दुसऱ्यात नाबाद १०४. ॲलिस्टर कुक.

त्याच मॅचमध्ये माँटी पनेसरही पहिल्यांदा खेळला आणि त्याची पहिली विकेट कोणाची, तर सचिनची. मी तेव्हा पॅव्हेलियनच्या समोर होतो. सचिन बाद झाल्यावर इतकी शांतता, की बाहेर रस्त्यावरच्या रिक्षाची घंटी ऐकू आली.

आणि गंमत पुढे आहे. त्याच मालिकेत मुंबईच्या टेस्टला कुकचंच पोट बिघडलं. मग ऐनवेळी ओवेस शाहला पदार्पण मिळालं, त्याने ८८ केले. बदली आलेल्याच्या जागी बदली.

कुक पुढे १६१ टेस्ट आणि १२,४७२ धावा करून थांबला. शेवटची टेस्टही भारताविरुद्धच, २०१८ मध्ये ओव्हलला, ७१ आणि १४७. सुरुवातीला जसं पन्नास-शंभर, तसंच शेवटाला.

मनमाडहून_परत

मग तिसरीही घ्या, तीही नागपूरचीच. नोव्हेंबर २००८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, गांगुलीची शेवटची टेस्ट. त्याआधीच्या दिल्ली टेस्टमध्ये गौतम गंभीरने शेन वॉटसनला कोपर मारलं म्हणून त्याच्यावर बंदी आली. तेव्हा मुरली विजय नाशिकमध्ये तामिळनाडूकडून महाराष्ट्राविरुद्ध रणजी खेळत होता. अभिनव मुकुंदबरोबर ४६२ ची सलामी, विजयचे एकट्याचे २४३. मॅच अर्धी सोडून त्याला नागपूरला बोलावलं. आल्या-आल्या ३३ आणि ४१, वर हेडन आणि हसी असे दोन रनआउट.

नाशिक ते नागपूर म्हणजे आपल्यासाठी सेवाग्राम एक्स्प्रेस आणि भुसावळला थंड झालेला वडा. तो अर्थात तसा आला नसेल.

खापरखेड्याचा_पोट्टा

म्हणजे नागपूरच्या पाण्यातच काहीतरी हाय बावा. टेस्ट लागली का कोणाचा तरी घोटा, गुडघा नाही तं कोपर.

शंकासूर

पाण्यात काही नाही, क्लोरीन आहे. तीन उदाहरणं घेऊन गावाला गुण चिकटवू नका. आणि मूळ प्रश्न 'अनपेक्षित' पदार्पणाचा होता ना? कुक इंग्लंड 'अ' चा. विजय रणजीत धावांचा ढीग रचत होता. साहा तर संघातच होता, किट घालून उभा. यांना रांगेत उभं राहून तिकीट मिळालं, फक्त खिडकी लवकर उघडली. ढेपवाल्याशी तुलना करायची तर डॅरेन पॅटिन्सन घ्या.

२००८, हेडिंग्लेची टेस्ट, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. बॉलर जेम्स अँडरसनच्या फिटनेसबद्दल शंका म्हणून पॅटिन्सनला बोलावलं, आणि शेवटी दुसरा बॉलर सायडबॉटमच अनफिट निघाला. गडी जन्माने इंग्लंडचा, वाढला ऑस्ट्रेलियात, घरांच्या छपरांवर कौलं बसवायचं काम केलेला. प्रथम श्रेणीच्या मॅच जेमतेम ११. संघातल्या कित्येकांशी त्याची धड ओळखही नसणार. दोन विकेट घेतल्या, इंग्लंड हरलं, खुद्द कर्णधार वॉनने या निवडीवर नाराजी दाखवली, आणि पॅटिन्सनला दुसरी टेस्ट कधीच मिळाली नाही. त्याचा धाकटा भाऊ जेम्स मात्र पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळला.

ठेचा_भाकर

सख्खे भाऊ, दोन देश. आमच्याकडं सख्खे भाऊ, एक बांध, अन् तालुक्याच्या कोर्टात तारखा.

निवृत्त_मास्तर

शंकासूर यांचा मुद्दा मान्य. त्या यादीत टोनी पिगटचं नाव हवंच.

फेब्रुवारी १९८४. इंग्लंडचा संघ न्यूझीलंडमध्ये, गोलंदाज एकामागून एक जायबंदी. पिगट तेव्हा तिथेच, वेलिंग्टनकडून खेळत होता. त्याला ख्राइस्टचर्चच्या टेस्टसाठी बोलावणं आलं. अडचण एकच, सोमवारी त्याचं लग्न होतं आणि टेस्ट सोमवारीही चालू राहणार होती. त्याने लग्न पुढे ढकललं. सातव्याच चेंडूवर बळीही मिळवला. पण इंग्लंडचा संघ ८२ आणि ९३ वर आटोपला, डाव आणि १३२ धावांनी हार, आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. म्हणजे सोमवारी हा गृहस्थ मोकळाच होता. पुन्हा टेस्ट खेळायला मिळालं नाही ते नाहीच.

मुलीकडच्यांना काय सांगितलं असेल, हा विचार मी गेली चाळीस वर्षं करतो आहे.

झाडीपट्टीकर

मास्तर, आमच्याकडं उलटं झालं होतं. मंडईच्या दिवसात गावात नाटक. वडसा लाइनची कंपनी बोलावलेली, हजार-बाराशे माणूस ताडपत्र्या टाकून बसलेलं, अन् खलनायक येतायेता गाडी बंद पडून रस्त्यात अडकला. मग पेटीवाल्याच्या साळ्यानं खलनायक केला. पाठांतर शून्य. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य देई, हा मोठ्यानं म्हणे, अन् प्रॉम्प्टर "आता डावीकडे जा" म्हणाला तं हा तेही मोठ्यानं म्हणाला. लोकांनी वन्स मोअर घेतला. दुसऱ्या वर्षी लोक कंपनीले विचारत, तो डावीकडे जाणारा आणला का?

शंकासूर

क्रिकेटवर या.

झाडीपट्टीकर

आलोच, डावीकडून.

वैनगंगा

पुरुषांच्याच गोष्टी चालल्यात म्हणून लिहिते. पदार्पण नाही, तरी 'ऐनवेळी' या शब्दात हे बसलंच पाहिजे. २०२५ चा महिला वर्ल्ड कप. प्रतिका रावल भरात होती आणि बांगलादेशच्या मॅचमध्ये तिचा पाय मुरगळला. सेमीफायनलला बोलावलं शेफाली वर्माला, जी मूळ संघातही नव्हती. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या फायनलमध्ये शेफालीचे ८७, वर दोन विकेट, सामन्याची मानकरी तीच. आमच्या वस्तीत त्या रात्री बायकांनी फटाके उडवले, दिवाळीचे उरलेले.

पण मला जास्त लक्षात राहिली ती प्रतिका. जिंकल्यावर व्हीलचेअरवर बसून मैदानात आली. बुटीबोरीकरदादांनी रोहितचं लिहिलं ना, तसंच. बदली खेळाडूच्या गोष्टीत एक माणूस नेहमी बाहेर बसलेला असतो, त्याच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

खापरखेड्याचा_पोट्टा

खरं आहे ताई. पण कधी कधी त्या बाहेर बसलेल्यामुळंच आपल्या माणसाचं दार उघडते. आपला उमेश यादव पाहा. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, कितीतरी वर्षं टेनिस बॉलच टाकला, लेदर बॉल उशिरा हाती आला. २०१० च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपात प्रवीण कुमार जखमी झाला, अन् बदली म्हणून उमेशले थेट वेस्ट इंडिजले पाठवलं. मॅच काही मिळाली नाही तिथं, पण महिन्याभरात झिम्बाब्वेत वनडे खेळला. पुढच्या वर्षी टेस्ट. आमच्याकडं त्या दिवशी पानठेल्यावर खर्रा फुकट होता.

अंबानगरी

आमच्या अमरावतीच्या जितेश शर्माचंही लिहा. जानेवारी २०२३ मध्ये संजू सॅमसन जखमी झाला म्हणून बदली बोलावलं, पण अकरात घेतलं नाही. टोपी मिळाली ऑक्टोबरमध्ये, चीनमधल्या हांगझोऊला, एशियन गेम्समध्ये नेपाळविरुद्ध. आणि दोन सीझन विदर्भाकडून खेळून गेलेला करुण नायर? २०१६ मध्ये मोहालीला के. एल. राहुल जखमी म्हणून पदार्पण, आणि तिसऱ्याच टेस्टमध्ये चेन्नईला नाबाद ३०३. त्याच डावात परत आलेल्या राहुलचे १९९.

निवृत्त_मास्तर

विदर्भाचा विषय निघालाच आहे तर थेट १९३२ ला जातो. भारताची पहिली टेस्ट, लॉर्ड्स. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. महाराजांनी आपला खेळ ओळखून बाजूला राहायचं ठरवलं, लिंबडींची पाठ दुखावली, आणि कर्णधारपद आलं नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंकडे. भारताचा पहिला कसोटी कर्णधारच बदली होता, असं म्हणायला हरकत नाही.

शंकासूर

हे मात्र आवडलं. पाण्याचा मुद्दा अर्धा मान्य.

पऱ्हाटीवाला

सगळं झकास, पण माह्या दुसऱ्या प्रश्नाले कोणी हात लावत नाही. इकडं कुलरवर कोंबडी बसून राह्यली.

ठेचा_भाकर

डोक्याला लागलं तर बदली मिळते ना आता? कन्कशन म्हणतात ते. म्हैस अडली म्हणजे मालकाच्या डोक्यालाच ताप, त्यात बसवा.

पंच_आर्वी

मी जिल्हा पातळीवर अंपायरिंग करतो, जरा नीट सांगतो.

कन्कशनचा नियम वेगळा. तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटात २०१९ पासून आहे आणि बदली माणूस शक्यतो त्याच धाटणीचा हवा. त्यावरूनही भांडणं होतातच. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्यात शिवम दुबेच्या हेल्मेटला बॉल लागला, त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. ते त्याचं टी-ट्वेंटी पदार्पण, अर्धी मॅच झाल्यावर! तीन विकेट काढल्या, आपण जिंकलो, आणि इंग्लंडचा बटलर म्हणाला ही बरोबरीची बदली नाही. ऑलराउंडरच्या जागी निव्वळ फास्ट बॉलर, त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं.

तुमच्या केसला लागू होतो तो क्रिकेटच्या कायद्यातला पहिलाच नियम. टॉसच्या आधी कर्णधाराने खेळाडूंची नावं अंपायरला लेखी द्यायची. एकदा नावं दिली की समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय माणूस बदलता येत नाही. संमती असेल तर येतो.

आणि याचं उदाहरण टेस्टमध्येच आहे. ३० जुलै २००९, ॲशेस, एजबॅस्टन. टॉस झाला, याद्या दिल्या गेल्या, आणि मग सराव करताना ऑस्ट्रेलियाचा कीपर ब्रॅड हॅडिनचं बोट मोडलं. इंग्लंडचा कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस नाही म्हणू शकला असता. तो हो म्हणाला, आणि ग्रॅहम मॅनूचं टेस्ट पदार्पण झालं. त्याची ती एकमेव टेस्ट.

म्हणजे पऱ्हाटीवाले, प्रश्न दोनच. यादी लेखी दिली होती का? आणि पल्याडच्या कॅप्टनला विचारलं होतं का?

चार_नंबर

नमस्कार. तो म्हशीवाला मीच. हा धागा मले कॅप्टननंच पाठवला.

यादी कोणी लिहिली नव्हती. खर्ऱ्याच्या पन्नीवर कॅप्टननं सात नावं लिहिली होती, मग पेन संपला.

वैनगंगा ताईंनी बाहेर बसलेल्याचं लिहिलं म्हणून सांगतो. मी ह्या सीझनले सात मॅच खेळलो, फायनलसाठी नवीन बूट आणले होते, ते पायातच होते. गोठ्यात एका हातानं वगारीचे पाय धरले होते, डॉक्टर फोनवर सांगत होता, अन् वावरातला भोंगा घरापर्यंत ऐकू येते. कॉमेंट्रीवाला ओरडते, "अन् हा ढेपवाल्याचा सिक्स!" मी जोर लावतो. परत सिक्स. परत जोर. चौथ्या सिक्सले वगार बाहेर आली. बायको म्हणे, तुम्ही रडून काहून राह्यले? मी म्हटलं, वगार झाली म्हणून.

तो खेळला चांगलाच, याच्यात वाद नाही. मी नऊ बॉलमध्ये ३१ केले नसते.

नदीपल्याड

मी पल्याडचा. दोन दिवस वाचून राहिलो, आता खरं बोलतो. आमच्या कॅप्टनले विचारलं होतं. मी बाजूलाच होतो. त्यानं ढेपवाल्याच्या चपलेकडं पाहिलं अन् हसून म्हणाला, "खेळू द्या, ढेपवाला काय करते!" पाच-सहा जणांनी ऐकलं. हरल्यावर त्याले आठवत नाही.

पंच_आर्वी

संमती झाली. चपलेकडे पाहून दिलेली असली तरी संमतीच.

ठेचा_भाकर

स्ट्रॉसनं मॅनूच्या बुटांकडं पाहिलं असेल का?

पऱ्हाटीवाला

आज संध्याकाळी दोन्ही कॅप्टन आयोजकाच्या ओसरीत बसले. पल्याडच्यानं कबूल केलं, चहा झाला. ढेपवाल्याले फोन लावला की भाऊ, कुलर घेऊन जा. तो म्हणे, कुलर कुठं ठेवू, खोली भाड्याची आहे. ते जाऊ द्या, माझी गावातली उधारी तेवढी द्या, मालक पगारातून कापते.

शंकासूर

उधारी कोणाकडे होती?

चार_नंबर

माह्याकडं. सहा पोत्यांची. उद्या देतो.